बनियनच्या ऑपरेशनला जाण्याआधी

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड, म्हणजे बनियन, नुसतं दिसायला वाईट दिसतं म्हणून ऑपरेशन करायचं असेल, तर बेत आधी रद्द करा. न दुखणाऱ्या बनियनला सहसा सर्जनही हात लावत नाहीत. पण चपलेचा पट्टा घासून कातडी सोलवटत असेल, अंगठा शेजारच्या बोटावर चढत असेल, पुढच्या तळव्याला घट्टे पडून चालणं कमी झालं असेल, तर तयारीला लागा. मधुमेहात पाय बधिर असतील तर उंचवट्यावरची जखम कळत नाही आणि चिघळते, म्हणून साखर आधी आटोक्यात आणा.

एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला हवा. झोपून काढलेल्यात हाडांमधला खरा कोन दिसत नाही. तो समोर ठेवून सर्जनना विचारा: हाड कापून स्क्रूने बसवणार की सांधाच जोडून टाकणार? अंगठा पुन्हा वाकडा झाला, उलट बाजूला झुकला, ताठ राहिला, हाड जुळलंच नाही, तर पुढे काय? अंगठ्याची कड बधिर राहू शकते, कधी भार दुसऱ्या बोटाखाली सरकून तिथे नवं दुखणं सुरू होतं, तेही विचारा. ‘काही होत नाही हो’ एवढंच उत्तर आलं, तर खुशाल दुसरीकडे दाखवा.

तंबाखू, सिगारेट आणि मिसरी बंद. हाड जुळायला ती आडवी येतात. मिसरी मुद्दाम लिहिली, कारण ‘तंबाखू घेता का’ म्हटलं की मिसरी लावणाऱ्या बायका बिनदिक्कत ‘नाही’ सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा, मनाने बंद करू नका. विमा असेल तर कागदावर दुखणं आणि चालायचा त्रास स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर ‘सौंदर्यासाठी’ म्हणून दावा अडकू शकतो.

जोडवी घरीच काढून ठेवा. घट्ट बसली असतील तर आठवडाभर आधी सोनाराकडे जा. सुजलेल्या बोटातून ती कापावी लागतात. नेलपॉलिशही पुसा.

खरी तयारी घराची. हाड जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. तोवर कडक तळव्याचा बूट, वॉकर आणि उंचावर ठेवलेला पाय. उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल ठेवा, ड्रेसिंगवर बांधायला पिशव्या जमवा. लिफ्ट नसेल तर खाली-वर करावं लागणारच नाही अशी सोय लावा. वॉकर आधीच आणून घरात चालून बघा. उंबरठा तेव्हाच कळतो. उजवा पाय असेल तर गाडी, स्कूटर सर्जन सांगेपर्यंत नाही. दोन्ही पाय एकदम उरकायचा मोह बहुतेकांनी टाळावा, टेकायला एक तरी पाय लागतो.

पहिल्या रात्री दुखण्याची गोळी भूल पूर्ण उतरायच्या आत घ्यायची. वेळ विचारून ठेवा. रुग्णालयाचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. ताप, पू, बोटं निळी-गार पडणं, पोटरी दुखून सुजणं, यातलं काहीही दिसलं की लगेच फोन. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनही नको, थेट इमर्जन्सीत. संध्याकाळची सूज मात्र कित्येक महिने राहते, त्यामुळे घरात लग्न असलं तरी नवे सँडल इतक्यात घेऊ नका.