एक माल्ट, एक हॉप: घरच्या घरी दहा लिटर बिअर

घरी बिअर करायचा नाद लागलेला माणूस पहिल्याच खेपेला चार तऱ्हेचे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि तीन तऱ्हेचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं) घालतो, वर संत्र्याची सालही टाकतो. बिअर चांगली झाली तर ती कशामुळे झाली हे कळत नाही, आणि बिघडली तर खापर कोणावर फोडायचं तेही कळत नाही. एकच माल्ट आणि एकच हॉप घेतला की हा घोळ मिटतो. हौशी मंडळी या प्रकाराला ‘स्मॅश’ म्हणतात. कल्पना मात्र जुनीच आहे. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्झेनमध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने जी सोनेरी लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) काढली, तिचा सगळा डोलारा फिकट माल्ट आणि साझ हॉप्स यांवरच उभा होता.

आधी कायद्याचं बोलू. ब्रिटनमध्ये घरच्यापुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने सूट मिळाली. तिथे एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा आहे. घरची बिअर विकायची नाही, हे दोन्हीकडे सारखंच. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी वाचनावरच समाधान मानावं. पुढची कृती लंडन किंवा न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरासाठी आहे.

साहित्य (दहा लिटरसाठी):
मॅरिस ऑटर माल्ट, भरडलेला – २.३ किलो
कॅस्केड हॉप्सच्या गोळ्या – ५० ग्रॅम
एल बिअरचं (लागरपेक्षा उबेत आंबणाऱ्या बिअरचं) कोरडं यीस्ट – अर्धं पाकीट, म्हणजे ५-६ ग्रॅम
पाणी – साडेपंधरा लिटर
साखर – ६० ग्रॅम, बाटल्या भरताना

मॅरिस ऑटर ही केंब्रिजमध्ये १९६०च्या दशकात तयार झालेली जवाची जात. तिला बिस्किटासारखा खमंग वास असतो. कॅस्केड हा ऑरेगनचा हॉप १९७२ मध्ये बाजारात आला. त्याला पपनसाच्या सालीचा वास येतो, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्यालाही तो बिअरमध्ये लगेच ओळखता येतो. माझं मत विचाराल तर सुरुवातीला हीच जोडी घ्यावी. माल्ट दुकानातूनच भरडून आणा. मिक्सरमध्ये फिरवला तर त्याचं पीठ होतं आणि मग पिशवीतून पाणी निथळत नाही.

भांड्यांमध्ये २० लिटरचं पातेलं, त्यात मावेल अशी जाळीदार कापडाची पिशवी, थर्मामीटर, हायड्रोमीटर (साखरेमुळे वाढलेली द्रवाची घनता मोजणारी नळी), एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप) असलेला १५ लिटरचा डबा, सायफनची नळी, तपकिरी बाटल्या, बुचं आणि बुचं लावायचं यंत्र लागतं. न धुता वापरता येतं असं सॅनिटायझरही आणून ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर बिअरला औषधासारखा वास येतो. एवढ्या पाण्यात कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणाऱ्या सल्फाइटची) पाव गोळी चुरून टाकली की ते काम भागतं.

मॅश

मॅश म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं. पाणी ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. पिशवी पातेल्यात सोडून माल्ट हळूहळू ओता आणि गुठळ्या मोडत ढवळा. तापमान ६७ च्या आसपास येईल. आच बंद करा, झाकण ठेवा, वरून जुनी दुलई गुंडाळा आणि तासभर तसंच राहू द्या.

आत काय चालतं ते नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरांना वेगळं सांगायला नको. दाण्याला मोड आणले की त्यात पिष्टाची साखर करणारी एन्झाइम्स तयार होतात. माल्ट म्हणजे असेच मोड आणून वाळवलेले जव, आणि गरम पाणी मिळालं की ती एन्झाइम्स कामाला लागतात. तापमान ६४ च्या जवळ ठेवलं तर बिअर हलकी आणि कोरडी होते, ६९ ला ठेवलं तर तोंडात भरीव लागते. ७५ च्या वर गेलं तर एन्झाइम्स झपाट्याने निकामी होतात, मग कितीही वेळ ठेवा, उपयोग नाही. मध्येच पुन्हा आच द्यावी लागली तर पिशवी तळापासून उचलून धरा, नाहीतर ती करपते.

साखर झाली की नाही हे पाहायला पांढऱ्या बशीत एक थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाका. रंग काळा-निळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे, अजून पंधरा मिनिटं थांबा. तो थेंब पातेल्यात परत न घालता टाकून द्या. झालं की पिशवी उचलून निथळू द्या आणि हलकेच दाबा. खाली राहिलं ते गोड पाणी म्हणजे वर्ट.

उकळी आणि हॉप्स

झाकण न ठेवता ६० मिनिटं उकळायचं. पहिल्या उकळीला पातेल्यापाशीच उभे राहा, कारण हे दुधाइतक्याच तत्परतेने उतू जातं. थोड्या वेळात फेस बसतो आणि प्रथिनांचे पांढरट पुंजके फिरताना दिसतात. मग १५ ग्रॅम हॉप्स टाका, हे कडवटपणासाठी. शेवटची १० मिनिटं उरली की आणखी १५ ग्रॅम, आणि आच बंद केल्यावर उरलेले २०. उशिरा टाकलेल्या हॉप्सचा सुगंध टिकतो, लवकर टाकलेल्यांचा वाफेबरोबर जातो. घरात कुत्रा असेल तर उरलेला चोथा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.

गार करणं आणि यीस्ट

इथून पुढे वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांखाली आणा, गाळ तळाशी ठेवून डब्यात ओता आणि डबा जोरात हलवा, यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. हायड्रोमीटर साधारण १.०४८ दाखवेल, आकडा लिहून ठेवा. यीस्ट भुरभुरून एअरलॉक लावा.

डबा १८ ते २० अंशांत, अंधारात ठेवा. यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे पहिल्या तीन दिवसांत आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश वर जाऊ शकतं. उन्हाळा असेल तर डबा पाण्याच्या टबात ठेवून ओला टॉवेल गुंडाळा. माझ्या मते महागड्या माल्टपेक्षा या तीन दिवसांच्या थंडाव्याने बिअर जास्त सुधारते.

बाटल्या

एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नाही. दोन आठवड्यांनी हायड्रोमीटरने मोजा, दोन दिवसांनी परत मोजा. दोन्ही आकडे १.०१० च्या आसपास आणि अगदी सारखे आले तरच पुढे जा. अपुरी आंबलेली बिअर बाटलीत भरली तर बाटली फुटते, काचा उडतात. अल्कोहोल साधारण पाच टक्के भरेल.

साखर थोड्या पाण्यात उकळून गार करा आणि स्वच्छ भांड्यात ओता. त्यावर साका न हलवता सायफनने बिअर सोडा. वरती दोन-तीन सेंटिमीटर जागा ठेवून बाटल्या भरा, बुचं लावा आणि दोन आठवडे खोलीतच ठेवा. त्यानंतर फ्रिज. उन्हात ठेवू नका, प्रकाशाने हॉप्समधले घटक बिघडून उग्र घाण वास येतो. ओतताना तळाचा साका बाटलीतच राहू द्या.

पुढच्या खेपेला बाकी सगळं तसंच ठेवून फक्त हॉप बदला. मात्र पाकिटावरचे अल्फा ॲसिडचे (कडवटपणा देणाऱ्या घटकाचे) टक्के बघा. कॅस्केड ६ टक्क्यांचा असेल तर हॉप्सच्या पहिल्या हप्त्याचा हिशेब १५ गुणिले ६, म्हणजे ९०. बदली घेतलेला सिट्रा हॉप १२ टक्क्यांचा आला तर तेवढ्याच कडवटपणासाठी तो साडेसात ग्रॅमच लागेल. दहा मिनिटांच्या हप्त्यालाही हाच हिशेब लावा, आच बंद केल्यावरचे २० ग्रॅम तसेच ठेवले तरी चालतील.