लाखावर पळालेल्या गाडीला रिमॅप करायचं? आधी एवढं तपासा

रिमॅपचं, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचं, खूळ बहुतेकांच्या डोक्यात बोर घाटात शिरतं. चार माणसं, सामान आणि एसी घेऊन आपली डिझेल धापा टाकत असते आणि त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारून सुळकन निघून जाते. घरी आल्यावर मोबाइलवर शोधाशोध होते. कुणीतरी सांगतं, वीस टक्के ताकद वाढते, दोन तासांचं काम आहे. यात खोटं काही नाही. पण हा हिशेब धडधाकट इंजिनाचा असतो. माझी सेकंडहँड डिझेल हॅचबॅक तेव्हा १ लाख १८ हजार किलोमीटर पळाली होती.

सुरुवातीला इंजिन कुठलं ते बघा. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या पेट्रोलमध्ये नुसतं सॉफ्टवेअर बदलून हाती फारसं लागत नाही, कारण आत येणारी हवा तेवढीच राहते. तसं असेल तर ते पैसे चांगल्या टायरवर घाला आणि विषय संपवा. टर्बो असेल तर पुढे वाचा.

रिमॅप म्हणजे ईसीयूतल्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या) तक्त्यांमधले आकडे बदलणं: डिझेल किती फवारायचं, केव्हा फवारायचं, टर्बोने दाब किती द्यायचा. कंपनी हे आकडे मुद्दाम हात राखून ठेवते. गाडी कधी भेसळीचं डिझेल पिणार, कधी मे महिन्यात घाट चढणार, कधी तिची सर्व्हिस चुकणार, हे तिला माहीत असतं. ट्यूनर, म्हणजे रिमॅप करून देणारा, आपल्याला विकतो ती ही राखून ठेवलेली शिल्लक. जुन्या गाडीत झिजेने त्यातली बरीच आधीच खाल्लेली असते.

ती किती खाल्ली, हे मीटरवरून कळत नाही. मीटर मागे फिरवलेला असू शकतो, पण तो खरा असला तरी मुंबईची गाडी तासांवर मोजावी. १ लाख २० हजार किलोमीटर सरासरी ताशी २० ने कापले, तर इंजिन ६,००० तास चाललं. हेच अंतर हायवेवर ६० च्या सरासरीने कापलं असतं, तर २,००० तासच झाले असते. गाडीत सरासरी वेग दिसत असेल तर आधी तो बघा. सर्व्हिसच्या पावत्या मागा. पावसाच्या पाण्यात बुडालेली गाडीही इथे दुर्मीळ नाही. सीटच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली कुबट वास, कनेक्टरवर हिरवट पूड दिसली तर रिमॅपचं नाव काढू नका.

आता इंजिन. सकाळी थंड असतानाच बघा. गाडी अजून घ्यायची असेल आणि विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. सायलेन्सरमागे कुणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. ते थोडं थरथरलं तर ठीक. फकफक धूर येऊन झाकण उडायला लागलं, तर मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात तेच ते. पिस्टन रिंगमधून दाब खाली निसटतोय. मन मानत नसेल तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सिलिंडरांच्या दाबातला फरक साधारण १० टक्क्यांच्या आत हवा. सोबत नॉझलची लीक-ऑफ टेस्ट (नॉझलमधून किती डिझेल परत जातं ते) करा आणि इंजिन बंद करून, टर्बोकडे जाणारा पाइप काढून टर्बोच्या पंख्याला बोटाने हलवून बघा. पंखा कडेला घासत असेल तर तिथेच थांबा.

मुंबईत मात्र इंजिनाआधी क्लच मरतो. सिग्नलला फ्लायओव्हरच्या चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची आपली सवय नडते. तपासायला रात्री एखादा रिकामा चढ गाठा, चौथ्या गिअरला ४० च्या वेगात या आणि पाय पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागेच रेंगाळला, तर क्लच प्लेट संपली. माझ्या गाडीत काटा असा सरकन वर गेला आणि पाठोपाठ जळका वास आला. आहे तोच टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) पेलवत नव्हता, वाढवून कुणाला देणार होतो?

ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअरबॉक्सची मर्यादा आधी विचारावी. फोक्सवॅगनची सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आहे आणि व्हेंटोचं १.५ लिटर डिझेल कंपनीतूनच २५० देतं. वर जागाच उरत नाही.

इथवर गाडी पास झाली, तरी लगेच ट्यूनरकडे धावू नका. तिला आधी मूळ पिकअपवर आणा: एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, काजळीने भरलेला ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज. स्कॅनर लावून चालत्या गाडीत टर्बोचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी बघा. माझ्या गाडीत दोन्हींत चांगलीच तफावत होती. क्लिपखाली होजला बोटभर चीर निघाली, बाहेरून दिसतही नव्हती. होज आणि क्लच बदलले आणि पुढच्या वेळी लोणावळ्यापर्यंत तिसरा गिअर फार वेळा लागला नाही. रिमॅपचे पैसे खिशातच राहिले.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. बेकायदा सुटे भाग बसवल्यास कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकू म्हणणाऱ्या ट्यूनरला नमस्कार करून बाहेर पडा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेम नाकारायला आपणच कारण देतो. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. गाडी बारा वर्षांची असेल तर पुढे फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर धरून किती वर्षं वापरणार, ते घरात आधी ठरवा.

एवढं करूनही करायचंच असेल, तर रिमॅपची सर्वांत सौम्य फाइल घ्या आणि टॉर्क खालच्या आरपीएमला एकदम चढणार नाही असं बघा. मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. नवी फाइल टाकण्याआधीचा आणि नंतरचा लॉग (स्कॅनरने घेतलेली नोंद) दोन्ही हातात हवेत. त्यानंतर ऑइल निम्म्या अंतरावर बदला आणि हजार किलोमीटर झाले की त्याच चढावर, चौथ्या गिअरला, क्लच पुन्हा तपासा.