पदव्युत्तर शिक्षणातील पैसा आणि त्यानंतरचा करिअरबदल: हिशेब कोठून सुरू करावा

पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याच्या हाती पैसा कमी असतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण त्याची खरी अडचण बहुधा वेगळी असते. पैसा ठरल्या दिवशी येत नाही आणि खर्च मात्र ठरल्या दिवशीच दारात उभा राहतो. माझी स्वतःची शिष्यवृत्ती एकदा एका सहीपायी सलग ४ महिने अडकली होती. ती एकरकमी जमा झाली तेव्हा कागदोपत्री माझे काहीच बुडाले नव्हते, परंतु मधल्या काळात क्रेडिट कार्डावर चढलेले व्याज कोणी भरून दिले नाही. तेव्हापासून उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा मी दुसऱ्याच एका आकड्याकडे अधिक लक्ष देऊ लागलो, तो म्हणजे आपला महिना किमान कितीत भागतो.

हा आकडा अंदाजाने काढू नये. बँकेचे मागील ३ महिन्यांचे विवरण समोर घ्यावे आणि भाडे, जेवण, प्रवास, फोन, औषधे, कर्जाचा हप्ता असे ज्यांच्यावाचून महिना निघत नाही तेवढेच खर्च वेगळे लिहावेत. त्यानंतर शुल्क, विमा, लॅपटॉपची दुरुस्ती, परिषदेचा प्रवास असे वर्षातून एकदोनदाच येणारे खर्च एकत्र करून त्यांच्या बेरजेला १२ ने भागावे आणि ती रक्कम मासिक खर्चात मिळवावी. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो इथेच. परिषदेच्या खर्चाची परतफेड संस्था करणार असली, तरी ती होईपर्यंत पैसे आपल्याच खिशातून गेलेले असतात.

आता एक कोरा कागद घेऊन त्यावर महिना, आलेले, गेलेले आणि शिल्लक असे चार रकाने आखावेत आणि पुढचे दीड वर्ष महिन्यागणिक मांडावे. कागद भरताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. शिष्यवृत्ती बऱ्याचदा प्रबंध सादर करताच किंवा ठरलेली मुदत संपताच थांबते. परीक्षकांचे अहवाल, मौखिक परीक्षा आणि पदवीचे प्रमाणपत्र मात्र त्यानंतर अनेक महिन्यांनी येतात. समजा, किमान मासिक खर्च २०,००० आहे, शिष्यवृत्ती थांबल्यापासून पहिला पगार हाती पडेपर्यंत ५ महिने जातात, आणि नव्या गावी जाणे, घराची अनामत, कागदपत्रांचे साक्षांकन यांसाठी आणखी ४०,००० लागतात. म्हणजे १ लाख ४० हजारांची तजवीज आधीच असायला हवी. ही तयारी २ वर्षे आधी सुरू केली, तर महिन्याला सुमारे ५,८०० बाजूला टाकावे लागतात. शेवटच्या ६ महिन्यांत सुरू केली, तर २३,००० हून अधिक, आणि तेवढे कोणाला जमत नाही.

शैक्षणिक कर्ज घेतलेल्यांनी हप्त्यापूर्वीच्या सवलतीच्या काळाकडे विशेष लक्ष द्यावे. या काळात हप्ता नसतो, पण व्याज बहुधा चढतच असते आणि न भरलेले व्याज काळ संपताच अनेकदा मुद्दलात मिळवले जाते. उदाहरण म्हणून १० लाखांचे कर्ज, द.सा.द.शे. १० टक्के व्याज आणि अडीच वर्षांचा सवलतीचा काळ घेऊ. व्याज सरळव्याजाने मोजले, तरी या काळात अडीच लाख चढतात. ते मुद्दलात गेल्यावर १० वर्षांच्या फेडीसाठी मासिक हप्ता सुमारे १३,२०० ऐवजी १६,५०० होतो, आणि १० वर्षांत मिळून जवळजवळ ४ लाख अधिक भरावे लागतात. याउलट दरमहा केवळ व्याज भरण्यासाठी ८,३३३ लागतात. पूर्ण जमत नसेल, तर अर्धे भरावे; तेवढ्यानेही पुढचा हप्ता १,६०० हून अधिकने हलका होतो. आपले व्याज कोणत्या पद्धतीने मोजले जाते आणि मुद्दलात केव्हा मिळवले जाते, हे बँकेला लेखी विचारावे. काउंटरवर मिळालेले तोंडी उत्तर धरून चालू नये.

गुंतवणुकीबद्दल मात्र विद्यार्थिदशेत फार चिंता करण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे. व्याजाच्या दराने ७२ ला भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात, हा हिशेब इटालियन गणितज्ञ लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात नोंदवला आहे. ८ टक्क्यांनी बचत दुप्पट व्हायला ९ वर्षे लागतात. पण महिना ३ टक्के व्याजाच्या कार्डावरची थकबाकी त्याच हिशेबाने २ वर्षांत दुप्पट होते. तेव्हा आधी कार्ड फेडावे, मग मधल्या महिन्यांची तजवीज करावी आणि त्यानंतर उरेल ते गुंतवावे.

करिअर बदलण्याचा विचार मनात आला की बहुतेक जण पहिली सबब सांगतात ती घातलेल्या वर्षांची. मानसशास्त्राचे संशोधक हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवर काही ग्राहकांना सवलत दिली होती, तर काहींना पूर्ण किंमत आकारली होती. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेले लोक अधिक नाटकांना आले. नाटके तीच होती, केवळ गेलेला पैसा त्यांना ओढून आणत होता. संशोधनात घातलेली ४ वर्षेही अशीच ओढतात. म्हणून प्रश्न पुढच्या काळापुरता मांडावा: येथून पदवीपर्यंत किती महिने उरले आहेत, त्या महिन्यांचा खर्च किती, आणि ज्या कामाकडे जायचे आहे तेथे ही पदवी खरोखर मागितली जाते का? उत्तर ८ महिने असेल, तर पूर्ण करणेच बहुधा शहाणपणाचे ठरते. ३ वर्षे असेल आणि त्या क्षेत्रात पदवी कोणी विचारत नसेल, तर राजीनाम्याचा मसुदा लिहायला हरकत नाही. मात्र आधीच्या टप्प्याची पदवी घेऊन बाहेर पडता येते का, हे नियमावलीत पाहून घ्यावे.

नवे क्षेत्र अजमावण्यासाठी जाहिराती वाचत बसण्यापेक्षा माणसांना विचारणे अधिक उपयोगी पडते, आणि तीही रोजच्या बैठकीतली नसावीत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची पाहणी मांडली होती. ज्याच्याकडून नोकरीची माहिती मिळाली त्याच्याशी वारंवार भेट होणारे १६.७ टक्के होते, अधूनमधून भेट होणारे ५५.६ टक्के आणि क्वचितच भेट होणारे २७.८ टक्के. कारण उघड आहे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. तेव्हा ५ वर्षांपूर्वी प्रयोगशाळा सोडून गेलेल्या ताईला किंवा दादाला एक आटोपशीर पत्र लिहावे, २० मिनिटे मागावीत, आणि ‘माझ्यासाठी नोकरी आहे का’ असे न विचारता ‘तुमचा मंगळवार कसा जातो’ असे विचारावे. अशा १०-१२ बोलण्यांनंतर बायोडेटाची भाषा आपोआप बदलते. ‘अमुक विषयावर प्रबंध’ या ओळीऐवजी किती नोंदींची माहिती साफ केली, कोणते उपकरण एकट्याने चालवले, किती कनिष्ठांना शिकवले, हे लिहिता येऊ लागते.

पगाराच्या बोलणीतही तोच किमान आकडा उपयोगी पडतो, फक्त तो समोरच्याला सांगायचा नसतो. आपली शिष्यवृत्ती किती होती, हेही शक्यतो बोलू नये, कारण तिची पगाराशी तुलना होऊच शकत नाही. रुजू होण्याची तारीख, पहिल्या पगाराची तारीख, स्थलांतराचा खर्च कोण देणार आणि विमा कोणत्या दिवसापासून लागू होणार, या चार गोष्टी ऑफर लेटरमध्ये लेखी घ्याव्यात. महिन्याच्या मध्यावर रुजू झालेल्याचा पहिला पूर्ण पगार दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस येतो आणि आखलेल्या कागदावर एक ओळ वाढते.

एक शेवटचे काम क्षुल्लक वाटते, म्हणून राहून जाते. संस्थेचा ईमेल आणि आरोग्य विमा नाव कमी होताच बंद होऊ शकतात, आणि बँक, कर्जखाते, करविवरण यांच्या सूचना त्याच ईमेलवर येत असतात. प्रबंध सादर करण्याच्या किमान एक महिना आधी त्या साऱ्या खात्यांवर स्वतःचा खासगी पत्ता नोंदवावा, शिष्यवृत्तीची सर्व पत्रे व शुल्काच्या पावत्या उतरवून घ्याव्यात आणि नवा विमा जुना संपण्याच्या आदल्या दिवसापर्यंत सुरू होईल असे पाहावे.