वारं गेल्यावर खुर्चीतून उठायचं कसं

आमच्या बेळगाव-खानापूरकडं कुणाच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे लकवा झाला, की दोन दिवसांत घर सल्ल्यांनी भरतं. पारव्याचं रक्त चोळा, अमक्या गावची मुळी आणा, हातात बॉल द्या. आधी आई, मग चुलते, मग गल्लीतली आणखी चार माणसं उठवून झाल्यावर हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

इथं सांगतोय ते दवाखान्यातून घरी आल्यानंतरचं. व्यायाम कधी सुरू करायचा आणि बीपी किती असताना करायचा नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. "पहिल्याच दिवशी चालवा की" म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. अ‍ॅव्हर्ट नावाची दोन हजारांवर रुग्णांची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या चोवीस तासांतच ज्यांना जास्त वेळा उठवलं-चालवलं, त्यांच्यात तीन महिन्यांनी चांगले सुधारलेले उलट कमीच निघाले.

अंथरुणात कुशीवर वळणं, गुडघे दुमडून कंबर उचलणं, काठाला पाय सोडून बसणं. हे जमतं.

अडतं ते उठताना. पहिल्या आठवड्यात मी आईचा लुळा हात धरून तिला ओढून उभी करायचो. आठ दिवसांत तिचा खांदा उतरला. वरच्या हाडाखाली बोट टेकेल एवढी खाच पडली आणि पुढं चार महिने ती रात्री कण्हत होती. खांद्याचा सांधा स्नायूंनी आवळून धरलेला असतो. तेच सैल पडले की हाताचं वजनही त्याला पेलत नाही, ओढणं तर लांबच. म्हणून लकव्याचा हात ओढायचा नाही आणि काखेत हात घालून उचलायचंही नाही. दोन्ही गोष्टी आपल्याकडं घरोघरी चालतात.

आता उठवायची रीत. प्लॅस्टिकची खुर्ची नको, फरशीवर सरकते. जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवा. सुरुवातीला बैठक उंच हवी, म्हणून घट्ट घडीची वाकळ घाला. जसजसं जमेल तसतशी काढा. माणसाला बैठकीच्या काठावर आणा. पाय गुडघ्यांच्या थोडे मागं, टाचा जमिनीला. चांगल्या हातानं लुळा हात धरून दोन्ही हात समोर लांबवायचे. तुम्ही लकव्याच्या बाजूला समोर स्टुलावर बसा, त्याचा लकव्याचा गुडघा आपल्या गुडघ्यानं अडवा आणि कमरेला बांधलेला पट्टा धरा. पट्टा नसेल तर जाड टॉवेल चालतो.

आणि मग पुढं वाकायचं. कमरेतून, पाठ सरळ ठेवून, नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाईपर्यंत. आमची फिजिओथेरपिस्ट कानडी होती, ती सारखी "मूग मुंद, मूग मुंद" म्हणायची. नाक पुढं. सगळी मेख इथंच आहे. समोर जमीन दिसते, माणूस घाबरतो, डोकं मागं टाकतो आणि आपटून बसतो. "पडतो रे मी, पडतो," आई म्हणायची. आठवडाभर नुसतं "वाक की" म्हणून मी घसा कोरडा केला. शेवटी तिच्यासमोर जरा लांब रताळ्याची बुट्टी ठेवली आणि म्हटलं, किडकी तेवढी वेचून काढ. आयुष्यभर रताळी निवडलेली बाई! ती बुट्टीवर वाकली आणि तिच्याही नकळत ढुंगण खुर्चीवरून चार बोटं उचललं गेलं. त्या दिवशी मला कळलं, की माणसाला वाकायला सांगायचं नसतं, वाकायला कारण द्यायचं असतं.

उभं राहिल्यावर सगळा भार चांगल्या पायावर जातो. लकव्याचा पाय नुसता टेकलेला असतो, त्याला काम मिळत नाही. पुढंमागं जमायला लागलं, की तो पाय चांगल्यापेक्षा चार बोटं मागं ठेवून उठवा. आपोआप भार घेतो. बसताना धप्पकन नाही, मनात चार मोजत. पाच वेळा, दिवसातून तीनदा, इथून सुरुवात. गरगरलं, छातीत दुखलं, धाप लागली तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. तोंड नव्यानं वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर वाट न बघता १०८ लावा.

बॉलचं एकदा सांगून टाकतो. लकव्याची मूठ बहुतेकदा आपणहून आवळत जाते. अडचण ती उघडायची असते. बॉल दाबून उघडायचा सराव होत नाही. त्यापेक्षा तळहात टेबलावर पसरून कापड पुढं ढकला, रिकामा तांब्या धरा आणि सोडा. सोडण्यावर जोर.

चालताना काठी चांगल्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लकव्याचा. चप्पल नको, मागून बंद असलेला बूट.

पहिल्या तीन महिन्यांत फरक भराभर दिसतो, नंतर हळूहळू. आईचं संडासला एकटीनं जाणं सहाव्या महिन्यात जमलं, तेही कमोडची खुर्ची आणि भिंतीला लोखंडी दांडी बसवल्यावर. कडी मात्र मी काढूनच टाकली. पहिल्याच दिवशी तिनं ती आतून लावली होती, आणि बाहेर मी अर्धा तास उभा होतो.