सह्याद्रीत तयार झालेली नजर आणि हिमालयातील बर्फ

साताऱ्यात वाढलेल्या आमच्यासारख्यांचे पाय अजिंक्यतारा आणि सज्जनगडावर तयार होतात, आणि त्याच पायांच्या भरवशावर आपण हिवाळ्यात हिमालय गाठतो. दम सहसा कमी पडत नाही. चूक होते ती नजरेची. सह्याद्रीत आपण कड्याला आणि घसाऱ्याला भितो, नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ, मात्र चढायची हक्काची वाट मानतो. बर्फात हिमस्खलनाच्या धोक्यामुळे हा हिशेब उलटा होतो.

मनालीच्या वरच्या भागात हिवाळी प्रशिक्षण घेत असताना प्रशिक्षकांनी समोरच्या डोंगरावर वाट निवडायला सांगितली, तेव्हा मी वाऱ्याच्या आडोशाला असलेली, मऊ बर्फाने भरलेली नाळ दाखवली. काही न बोलता त्यांनी मला त्याच दिशेला तोंड असलेल्या एका लहान, निर्धोक उतारावर छातीइतका खड्डा खणायला लावला. वर वाऱ्याने आणून दाबलेला घट्ट थर होता आणि त्याखाली साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे कण होते. ज्वारीच्या दाण्यांवर ठेवलेली परात तिरकी केली की ती जशी घसरते, तसाच हा वरचा थर एका माणसाच्या वजनाने सुटू शकतो. हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेक प्रवाशांच्या बाबतीत ते स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलाने सुरू झालेले असते, असे त्यांनी सांगितले, आणि मी निवडलेल्या नाळेकडे मला पुन्हा बघवेना.

धोक्याचे उतार मुख्यतः 30 ते 45 अंशांचे असतात, म्हणजे आपल्याला चढायला सोपे वाटणारेच. कोन डोळ्यांनी ठरवू नये, मोजावा. ताजी हिमवृष्टी, जोराचा वारा, अचानक वाढलेली उष्णता, पायाखालून आलेला ‘घुम्म’ असा आवाज किंवा बर्फात धावत गेलेली भेग, यांपैकी काहीही दिसले तर परतावे. डोंगराच्या सोंडेने जावे, नाळ टाळावी. धोक्याचा उतार ओलांडणे भागच असेल तर एकेकाने ओलांडावा. पावसाळी ट्रेकमध्ये हात धरून साखळी करण्याची आपली सवय इथे सर्वांना एकदम गाडू शकते. निघण्यापूर्वी डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचा हिमस्खलन इशारा वाचावा.

अनुभव असला म्हणजे धोका टळतो, असे मात्र नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का दांडा-2 शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक दोघेही हिमस्खलनात सापडले. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर गाडल्या गेलेल्या 10 जवानांत आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक होता, आणि ती बातमी आली त्या दिवसांची शांतता मी विसरलेलो नाही.

गाडला गेलेला माणूस बहुधा गुदमरून मरतो. जगण्याची शक्यता पहिल्या 10–15 मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणून बाहेरून मदत येण्याआधी सोबत्यांनीच त्याला काढावे लागते. त्यासाठी प्रत्येकाकडे 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग काढण्यासाठी रेडिओ संकेत पाठवणारे आणि पकडणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचे फावडे हवे. तिन्हींपैकी एक जरी नसले तरी उरलेली दोन फारशी कामाची नाहीत. शोधताना मोबाइल ट्रान्सीव्हरपासून किमान अर्धा मीटर दूर ठेवावा. प्रोब लागला की तो तिथेच राहू द्यावा, उताराच्या खालच्या बाजूने खणत जावे आणि आधी चेहरा व छाती मोकळी करावी.

हा सराव इथेही करता येतो. आम्ही संगम माहुलीजवळ वाळूत ट्रान्सीव्हर घातलेली पिशवी पुरून आळीपाळीने शोधतो. पहिल्या दिवशी मला ती बाहेर काढायला 19 मिनिटे लागली होती.