सायकल पूर्ण झालेली टाकी: पहिले मासे सोडण्यापूर्वीची तयारी

मत्स्यटाकीत मासे न ठेवता अमोनिया घालून तिची ‘सायकल’, म्हणजे अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू वाढवण्याची प्रक्रिया, पूर्ण केली, की त्याच दिवशी मासे आणावेसे वाटणे स्वाभाविक आहे. माझा आग्रह मात्र असा, की त्यापूर्वी आणखी एक-दोन दिवस द्यावेत, कारण जिवाणू तयार झाले तरी ज्या पाण्यात ते वाढले ते पाणी माशांना मानवेलच असे नाही.

सर्वप्रथम खात्री करून घ्यावी. प्रतिलिटर २ मिलिग्रॅम होईल इतका अमोनिया पाण्यात घालावा आणि २४ तासांनी तपासणी करावी. अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्य आली, तरच सायकल पूर्ण झाली असे समजावे. केवळ अमोनिया शून्य दिसल्याने समाधान मानू नये, कारण नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू सहसा उशिरा जम बसवतात, आणि नायट्राइटमुळे माशांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच घटते.

यानंतरचे काम पाणी बदलण्याचे. आठवडेच्या आठवडे घातलेला अमोनिया शेवटी नायट्रेटच्या रूपाने पाण्यातच साठलेला असतो. शिवाय या प्रक्रियेत आम्ल तयार होऊन पाण्याचा पीएच खाली आलेला असू शकतो. म्हणून एकदाच ७० ते ८० टक्के पाणी बदलावे आणि नायट्रेट प्रतिलिटर २० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी येईल असे पाहावे. एवढे पाणी काढल्यास जिवाणूही वाहून जातील, अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे, कारण उपयुक्त जिवाणू प्रामुख्याने फिल्टरमधील स्पंजवर, वाळूवर आणि दगडांवर चिकटून असतात. त्यांना खरा धोका नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा असतो. स्पंज नळाखाली धुऊ नये आणि नवे पाणी क्लोरीन नाहीसे करणारे औषध घालूनच वापरावे. पाणी थेट टाकीत भरायचे असल्यास औषधाची मात्रा संपूर्ण टाकीच्या हिशेबाने घ्यावी. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियाचे अधिक टिकाऊ संयुग) असेल, तर ते रात्रभर उघडे ठेवून भागत नाही; तेथे औषधच लागते. पाणी काढण्यापूर्वी हीटर बंद करून थोडा निवू द्यावा, आणि काम आटोपताच फिल्टर पुन्हा सुरू करण्यास विसरू नये, कारण या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो.

जिवाणूंची वाढ वेगाने व्हावी म्हणून तापमान वाढवले असेल, तर ते आता निवडलेल्या माशांना मानवेल इतके खाली आणावे. उष्ण कटिबंधातील बहुतेक लहान माशांना २४ ते २६ अंश सेल्सिअस योग्य ठरते. मासे येण्यास काही दिवस उशीर होणार असेल, तर जिवाणूंची उपासमार होऊ नये म्हणून अमोनियाची थोडी मात्रा चालू ठेवावी, मात्र मासे सोडण्यापूर्वी अमोनिया व नायट्राइट शून्य असल्याचे पुन्हा तपासावे.

मासे एकदम भरपूर न आणता काटक जातीचे थोडेच आणावेत. थव्याने राहणाऱ्या जातीचा मात्र लहानसा थवा एकत्रच आणणे हिताचे, कारण एकटादुकटा मासा बिथरतो. टाकीचा दिवा मालवून बंद पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर ती उघडून थोड्या थोड्या वेळाने टाकीचे पाणी तिच्यात मिसळावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. मासे दीर्घ प्रवास करून आले असतील, तर हे मिसळणे लांबवू नये. बंद पिशवीत साठलेला कार्बन डायऑक्साइड ती उघडताच निघून जातो, त्यामुळे पीएच वाढतो आणि तोवर सौम्य असलेला अमोनिया अधिक विषारी होतो.

पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये आणि दुसऱ्या दिवसापासून अगदी चिमूटभर द्यावे. पहिला आठवडाभर रोज अमोनिया व नायट्राइट तपासावे आणि यांपैकी काहीही दिसू लागल्यास, मासे निरोगी भासत असले तरी, त्याच दिवशी एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे.