बॅटरी रोज उतरते? आधी खर्च मोजा, मग कमाई

माझ्या जुन्या दुचाकीचा हॉर्न दाबला की ‘पीं’ऐवजी ‘खर्र’ व्हायचं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी पडलो हौशी. इंजिनची वीज बॅटरीत भरण्याजोगी करणारा रेक्टिफायर बदलला, नवी बॅटरी आणली, तरी चौथ्या दिवशी पुन्हा खर्र. मग एका रविवारी मॅग्नेट (चुंबकं असलेलं फ्लायव्हील) खोलून वीज तयार करणाऱ्या कॉइलपर्यंत पोचलो. कॉइल ठणठणीत. सगळं परत बसवलं, किक मारली आणि रेस देत मल्टिमीटरकडे (व्होल्ट, ॲम्पिअर मोजायचा मीटर) बघत बसलो. मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, “बाबा, ब्रेक कशाला दाबून धरलायस?” मी दाबलाच नव्हता. दोन महिन्यांपूर्वी मागचे ब्रेक शू बदलताना ब्रेकलाइटच्या स्विचची स्प्रिंग जास्त ताणून लावली होती. किल्ली फिरवली की मागचा लाल दिवा चालूच. उन्हात तो दिसत नाही, आणि चालवणाऱ्याला तर नाहीच नाही.

हिशोब बघा. ब्रेकचा बल्ब 18 वॅटचा, गाडी 6 व्होल्टची, म्हणजे 3 ॲम्पिअर खर्च. माझी गाडी मधल्या रेसला बॅटरीला देते जेमतेम 1 ॲम्पिअर. घरात येतो एक, जातात तीन. कमावणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग?

म्हणून माझा क्रम आता ठरलेला आहे. पुढचं सगळं फ्लायव्हील मॅग्नेटो असलेल्या, 6 व्होल्टच्या, किकवर चालू होणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी आहे. रचना अगदी साधी. फ्लायव्हीलमधली चुंबकं कॉइलभोवती फिरतात, कॉइलमधून एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, निघतो, रेक्टिफायर त्याचा एकाच दिशेचा डीसी करतो, तो बॅटरीत जातो. बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट एसीवर असतो. तो रेसबरोबर कमीजास्त होतो, गाडी उभी असताना मिणमिणतो, आणि तो दोष नव्हे. हॉर्न, ब्रेकलाइट, इंडिकेटर मात्र बॅटरीवर. अनेक गाड्यांत व्होल्टेज आवरणारी रेग्युलेटर नावाची वस्तूच नसते. जादा व्होल्टेज बॅटरीच गिळते.

काही जुन्या गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बाजू अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूला, जोडलेली असते, हे वायरला हात लावण्याआधी बघून घ्या. सवयीने निगेटिव्ह चॅसीला जोडली तर रेक्टिफायर त्याच क्षणी जाऊ शकतो.

सुरुवात बॅटरीपासून. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा. 6.3 ते 6.4 व्होल्ट हवेत. 6.0 च्या खाली असेल तर ती रिकामी आहे, आणि चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी तिथेच येत असेल तर पुढचं काही तपासू नका, ती संपली. चार्ज करताना क्षमतेच्या दहाव्या भागाने करा, म्हणजे 4 ॲम्पिअर-अवरला 0.4 ॲम्पिअर. मोठ्या गाडीच्या चार्जरला लावून घाई केली की ही बिचारी उकळते. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, आणि चार्जिंगला असताना जवळ ठिणगी नको, त्यातून हायड्रोजन निघतो.

आता खर्च. बॅटरीची अर्थची नसलेली वायर सोडवा. मीटरची लाल पिन 10 ॲम्पिअरच्या भोकात घाला आणि मीटर त्या वायरच्या आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. किल्ली बंद असताना आकडा शून्यच हवा. या गाड्यांत घड्याळ नाही, अलार्म नाही, कुणाला काही लागत नाही. 0.02 ॲम्पिअर दिसले तर क्षुल्लक वाटतात, पण दिवसाला जवळजवळ अर्धा ॲम्पिअर-अवर जातो आणि 4 ची बॅटरी आठवड्याभरात झोपते. अशा वेळी रेक्टिफायरची वायर काढून बघा. आकडा शून्यावर आला तर रेक्टिफायर उलटा गळतोय. दिवसा बॅटरी भरतो आणि रात्री कॉइलमधून रिकामी करतो. जुन्या सेलेनियमच्या, पत्र्याच्या चकत्या रचलेल्या रेक्टिफायरचा हा म्हातारपणचा रोग.

मग किल्ली चालू करा आणि गाडीला एक फेरी मारा. मागून बघा. पायाचा ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा बघा. हेच मी आधी केलं असतं तर मॅग्नेट खोलावा लागला नसता.

खर्च ठीक निघाला तर कमाई. मीटर तसाच ठेवून गाडी चालू करा. रेस दिली की आकड्याचं चिन्ह उलटलं पाहिजे, म्हणजे बॅटरीत आत जायला लागलं पाहिजे. मीटरच्या पिना घट्ट बसवा. इंजिन चालू असताना बॅटरी सुटली तर व्होल्टेज सैरभैर होतं आणि बल्ब पटापट उडतात. ही धाकधूक नको असेल तर बॅटरी जोडलेलीच ठेवून दोन टोकांवर व्होल्टेज बघा. मधल्या रेसला 7 च्या आसपास चढायला हवं. हललंच नाही तर चार्जिंग नाही. 7.5 च्या वर जाऊन तिथेच राहत असेल तर जास्त होतंय, आणि बॅटरीचं पाणी सारखं आटत असणार.

चार्जिंग नसेल तर कॉइलकडून येणारी वायर रेक्टिफायरपाशी सोडवा. लोक इथे नुसता मीटर लावून एसी व्होल्टेज बघतात आणि मोठा आकडा दिसला की खूश होतात. बिनलोडचा, म्हणजे बल्बसारखं काही न जोडता घेतलेला, आकडा फसवतो. त्या वायरला आणि इंजिनच्या धातूला हेडलाइटचा बल्ब जोडा. रेसबरोबर तो लख्ख झाला तर कॉइल आणि चुंबकं दोन्ही चांगली, दोष पुढे आहे. रेक्टिफायर मीटरच्या डायोड खुणेवर तपासा. सिलिकॉनचा असेल तर एका बाजूने 0.5 ते 0.7, उलट केल्यावर काहीच नाही. दोन्हीकडून सारखं दिसलं तर गेला. सेलेनियमचा असेल तर मीटरशी हुज्जत घालू नका, सिलिकॉनचा डायोड किंवा ब्रिज (चार डायोडचा संच) लावा, वायरिंगमध्ये जो असेल त्या प्रकारचा. सेलेनियममध्ये वाया जाणारं व्होल्टेज आता बॅटरीला मिळेल, तेव्हा वरचं 7.5 चं माप बदलल्यावर पुन्हा घ्या. आणि जळलेल्या सेलेनियमचा घाण वास सुटतो, तो धूर विषारी असतो, हुंगू नका.

बल्ब पेटलाच नाही, तर कॉइलचा रेझिस्टन्स बघा. एखाद-दोन ओहम किंवा त्याहून कमी. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स त्यातून वजा करा. बहुतेक कॉइलचं एक टोक ती बसवलेल्या प्लेटला अर्थच केलेलं असतं, त्यामुळे अर्थला कंटिन्युइटी (सलग जोडणी) दिसली की “शॉर्ट झाली” म्हणून ओरडू नका. गार असताना बरोबर आणि वीस मिनिटांनी बंद, असं होत असेल तर हेअर ड्रायरने कॉइल तापवून पुन्हा मोजा.

मॅग्नेट काढायचाच झाला तर पुलरनेच, म्हणजे तो ओढून काढायच्या हत्यारानेच. हातोडा मारला की चुंबकाची ताकद कमी होऊ शकते. काही गाड्यांत नट किंवा पुलरचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघा. प्लेट हलवण्याआधी तिच्यावर आणि केसिंगवर एक ओरखडा मारून ठेवा, नाहीतर ठिणगीचं टायमिंग गेलं. परत बसवताना मॅग्नेटच्या आतून बोट फिरवा. माझ्या बोटाला एकदा एक छोटा वॉशर लागला होता, चुंबकाला चिकटून बसलेला. तसाच बसवला असता तर पहिल्या किकला कॉइल सोलून निघाली असती.

अर्थिंगबद्दल थोडं, कारण 6 व्होल्टला गळती परवडत नाही. वाटेत अर्धा व्होल्ट हरवला तर बल्बचा उजेड जवळजवळ पाव कमी होतो. ब्रेकलाइट चालू ठेवा, मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी बल्बच्या होल्डरच्या धातूला लावा. 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर मधे कुठेतरी गंज किंवा रंग आहे. गाडी नवी रंगवून आली की हे हमखास. अर्थच्या वायरच्या टॅगखाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारा, वर थोडं ग्रीस.

शेवटचं म्हणजे बल्ब. वॅट पुस्तिकेत आहे तेवढेच लावा. थेट एसीवरच्या गाडीत हेडलाइट उडाला की त्याच्या वाटची वीज मागच्या छोट्या बल्बकडे जाते आणि तोही जातो, म्हणून मी सुटे बल्ब जोडीनेच ठेवतो.

आणि जिथे गाडी लावतो तिथल्या मागच्या भिंतीवर एक जुना आरसा टांगलाय. किल्ली काढण्याआधी मान वळवून एकदा त्यात बघतो.